परसातली भट्टी: विस्तव, बांगडा, काफ्रेल आणि सर्दावलेला कोळसा

माडाखाली (धागाकर्ता)

चतुर्थी आटोपली, पावसाने पाठ फिरवली, आता आपल्या गोव्यातल्या परसांतल्या जाळ्या पुन्हा बाहेर निघतील. भाजण्याबद्दलचे प्रश्न दरवर्षी दहा धाग्यांत विखुरतात, म्हणून यंदा सगळं एका जागी आणूया. (भाजणं म्हणतोय, भाजणी नव्हे. थालीपीठवाल्यांनी शेजारच्या धाग्यावर जावं.)

सुरुवात विस्तवापासून. जाळीवर जे बिघडतं त्यातलं निम्मं, मासा ठेवण्याआधीच बिघडलेलं असतं.

६० बाय ४० सेंमी जाळीला, चार-पाच माणसांच्या जेवणाला, दीड किलो लाकडी कोळसा पुरतो. पेटवायला रॉकेल नको, वास मसाल्यात उतरतो आणि जेवण होईपर्यंत जात नाही. पाच लिटरच्या तेलाच्या पत्र्याच्या डब्याची दोन्ही तोंडं कापा, खालच्या कडेला आठ-दहा भोकं पाडा, तळापासून सहा-सात सेंमीवर दोन सळ्या आरपार घालून त्यांवर जाळीचा तुकडा टाका. खाली वर्तमानपत्राचे दोन कागद चुरगळून, वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या तुकड्यांच्या कडा करड्या होतात. मग कोळसा भट्टीत ओतायचा आणि ज्वाळा पूर्ण बसून निखाऱ्यांवर राखेची साय येईपर्यंत आणखी पाचेक मिनिटं थांबायचं. ही पाच मिनिटं कुणी थांबत नाही.

सगळा विस्तव एका बाजूला लोटा, दोन भागांत विस्तव, एक भाग मोकळा. मोकळी बाजू नसेल तर जळायला लागलेली वस्तू न्यायची कुठे?

ताप बघायला तळवा जाळीच्या दहा-बारा सेंमी वर धरा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर तेज (२३०-२६० अंश से.), चार-पाच सेकंद तग धरला तर मध्यम (१८०च्या आसपास), आठ-दहा सेकंद धरवला तर मंद.

---

सोडण

+१. कोळशाची पारख सांगून ठेवतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. सुका कोळसा खणखणीत वाजतो, सर्दावलेला 'भद्द' करतो. तो पेटला तरी चटचट ठिणग्या उडवतो आणि निम्मा ताप स्वतःचं पाणी घालवण्यात खातो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कोळसा गोणपाटात ठेवणं म्हणजे हवेतलं पाणी साठवणं. झाकणाचं प्लास्टिकचं पिंप घ्या, तळाला दोन विटा, आणि वापरायच्या आदल्या दिवशी तीन-चार तास कडक ऊन.

करवंट्यांबद्दल: कच्ची करवंटी धडधडून पेटते, काजळी धरते आणि दहा-पंधरा मिनिटांत संपते. ती पेटवायला वापरा, भाजायला नाही. करवंटीचा *कोळसा* मात्र उत्तम, धूर कमी आणि ताप एकसारखा. त्याच्या दाबून केलेल्या वड्या पेटायला पंचवीस मिनिटं घेतात, पण काफ्रेलसारख्या (हिरव्या वाटणाची कोंबडी) लांबणाऱ्या कामाला त्याच बऱ्या. नारळाचं सोडण पिंजून काथ्या मोकळा केला की कागदाचीही गरज नाही.

एक सक्त मनाई: काजूच्या बियांची टरफलं विस्तवात टाकू नका. त्यांतल्या तेलाने कातडीवर फोड येतात, धुराने डोळे आणि घसा धरतो. काजूचं वाळलेलं लाकूड वेगळं, ते चुलीत चालतंच.

---

पोईवाला

बांगड्याची कातडी जाळीला, मांस ताटात. दर वेळी. तेल दुप्पट केलं तरी तेच. कुठे चुकतं?

---

तिरफळ

पोईवाला, तेलाने प्रश्न सुटत नाही. मासा ओला असतो आणि जाळी थंड असते, ही दोन कारणं.

बांगडा धुऊन, दोन्ही बाजूंना तीन-तीन चिरा द्या, काट्याला टेकतील इतक्या खोल. मीठ लावून पंधरा मिनिटं तिरका ठेवा, पाणी सुटेल. ते कपड्याने *पूर्ण* टिपा, चिरांच्या आतलंसुद्धा. जाळी रिकामीच विस्तवावर सात-आठ मिनिटं तापवा, तारेच्या ब्रशने घासा, मग अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून जाळीवर फिरवा. धूर आला पाहिजे. त्यानंतर मासा, सळ्यांना आडवा न ठेवता थोडा तिरपा.

आणि मग हात लावायचा नाही. पहिल्या मिनिटाला कातडी जाळीला धरतेच, तो तिचा धर्म. खालची बाजू कोरडी होऊन खरपूस झाली की ती स्वतः सोडते. बघायचं असं: शेपटीकडची कड किंचित वर उचलते, चिरांमधलं मांस पारदर्शक होतं ते पांढरं होत होत वर चढतं, आणि चुरचुरीचा आवाज बारीक होतो. पातळ उलथनं शेपटीकडून सरकवा. अडलं तर काढा उलथनं, आणखी अर्धं मिनिट. २०० ग्रॅमच्या बांगड्याला मध्यम-तेज विस्तवावर पहिली बाजू पाच मिनिटं, दुसरी चार. एकदाच उलटायचा.

तारल्यांना (लहान सार्डिन मासे) घडीची दुहेरी जाळी वापरा, एकेक उलटत बसलात तर निम्मे विस्तवात.

---

खाजन

वरचं सगळं साध्या मीठ-तिरफळाच्या बांगड्याला लागू. रेशाद (आपला तिखट-आंबट लाल मसाला) भरला की गणित बदलतं, कारण मसाल्यात साखर आहे, लसूण आहे, ओलावा आहे. तिन्ही जाळीला चिकटतात आणि तिन्ही माशाआधी जळतात.

आठ बांगड्यांना: २० काश्मिरी किंवा ब्याडगी मिरच्या (बिया काढून), १० पाकळ्या लसूण, बोटाच्या दोन पेरांएवढं आलं, १ चमचा जिरं, १० मिरी, ५ लवंगा, पेरभर दालचिनी, अर्धा चमचा हळद, सुपारीएवढी चिंच, १ चमचा साखर, दीड चमचा मीठ. मिरच्या अर्धा तास माडाच्या सुरेच्या विनागरात भिजवायच्या आणि त्यातच वाटायच्या, एकूण ८० ते १०० मिलि. पाण्याचा थेंब नको. पाणी गेलं की मसाला आठवड्यात आंबतो, नुसत्या विनागरातला काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये, महिनोन् महिने राहतो. वाटण गंधासारखं गुळगुळीत हवं, भरड राहिलं की मिरचीची सालं आधी काळी पडतात.

मसाला पाठीकडून उघडलेल्या खिशात भरायचा, बाहेर फक्त बोट फिरवल्याची खूण.

---

रविवारची सुरी

खाजनबाब, इथे माझं वेगळं मत. बाहेर मसाला नसेल तर तो रेशाद कसला, ती तर भरलेली पिशवी. बाहेरून लावा, पण त्यावर बारीक रवा किंवा तांदळाचं पीठ दाबून बसवा आणि केळीच्या पानावर ठेवून भाजा. शेवटी दोन मिनिटं पान काढून थेट जाळीवर.

---

खाजन

रव्याचा बांगडा तव्यावर छान. जाळीवर रव्याला तेल मिळत नाही, तो कोरडा राहतो आणि दाताखाली वाळूसारखा लागतो. पानाचं मात्र मान्य.

---

तिरफळ

पानाचं दोघांनी मान्य केलंय तर कृती लिहून टाकते. केळीचं पान विस्तवावरून फिरवून मऊ करा, रंग गडद झाला आणि चकाकी आली की बास. न शेकता घडी घातलीत तर शिरेवर फाटतं आणि रस विस्तवात. पुडी हिरांनी (माडाच्या पात्यांच्या काड्यांनी) टाचायची. मध्यम विस्तव, पाव किलोच्या काळुंदर माशाला पुडीतून पंधरा ते अठरा मिनिटं, मधे एकदा उलटून. हळदीचं पान श्रावण-भाद्रपदात मिळतं तेव्हा आत एक घाला, पण मग मसाल्यात लवंग-दालचिनी नको, वास एकमेकांना मारतात. तिरफळं घालत असाल तर त्यांतल्या काळ्या बिया काढून टाका, फक्त साल ठेचायची.

---

रविवारची सुरी

मासा आणण्याबद्दल कुणी बोलेना म्हणून. बांगडा आणि तारले बर्फाशिवाय दोन-तीन तास उन्हाळ्यात राहिले की त्यांत हिस्टामाइन तयार होतं. ते भाजून जात नाही, तळून जात नाही, विनागरानेही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल, अंगावर चट्टे, डोकं ठणकतं, आणि लोक म्हणतात 'मसाला बाधला'. घरातून निघतानाच बर्फाचा डबा न्या. कल्ले लालभडक, डोळा फुगीर, मधोमध उचलल्यावर मासा वाकायला नको. घरी आणल्यावर आधी पोट साफ, मग बाकीची कामं.

---

माडाखाली

आंबट मसाल्याची मुदतही लिहून ठेवूया. विनागर किंवा लिंबू लावलेला मासा अर्धा तास, सुंगटं (कोळंबी) पंधरा-वीस मिनिटं. त्यापुढे आंबट मासा 'शिजवायला' लागतं, वरचा थर पिठूळ होतो आणि जाळीवर सुटून पडतो. लोकांना वाटतं रात्रभर मुरवलं की जास्त लागेल. माशाला नाही लागत.

---

मोगऱ्याचा वेल

आणि कोंबडीला? काफ्रेल बाहेरून कोळसा, हाडापाशी गुलाबी. हे कोडं कधी सुटणार?

---

जुनं बॅरल

काफ्रेल मुळात आफ्रिकेतून, मोझांबिककडून पोर्तुगिजांबरोबर आलेला प्रकार. घरोघरी तो पातेल्यात किंवा तव्यावर होतो. जाळीवर न्यायचा तर दोन टप्पे लागतात.

तंगड्या एक किलो, सालीसकट. प्रत्येकीला हाडापर्यंत तीन चिरा, सांध्यापाशी एक जादा, गुलाबी राहतं ते तिथेच. वाटण: मोठी जुडी कोथिंबीर देठांसकट (साधारण १०० ग्रॅम), ७-८ हिरव्या मिरच्या, १२ पाकळ्या लसूण, दोन पेरं आलं, १ चमचा जिरं, १ चमचा मिरी, ६ लवंगा, पेरभर दालचिनी, अर्धा चमचा हळद, दोन लिंबांचा रस, दोन मोठे चमचे रम, दीड चमचा मीठ. वाटणाचा चौथा हिस्सा *आधीच* वेगळा काढा, कच्च्या कोंबडीला न लागलेला. बाकीचा लावून सहा तास ते रात्रभर फ्रीजमध्ये.

भाजायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा आणि अंगावरचं वाटण हाताने निपटून टाका. चिरांत गेलंय ते पुरे. बाहेरचा हिरवा थर दहा मिनिटांत काळा आणि कडू होतो, चव त्यात नसतेच. मग मोकळ्या बाजूला, विस्तवापासून लांब, झाकण लावून २५ ते ३० मिनिटं, हाडाची बाजू विस्तवाकडे. झाकण नसेल तर मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं उपडं घाला. शेवटची पाच मिनिटं थेट विस्तवावर, साल कुरकुरीत करायला, दर मिनिटाला उलटत. हाडालगत थर्मामीटरने ७४ अंश दाखवले पाहिजेत. तीन-चारशे रुपयांचा सुईचा थर्मामीटर वर्षानुवर्षांचं कोडं सोडवतो. टोक हाडाला टेकवू नका, आकडा चुकीचा येतो.

वेगळं काढलेलं वाटण चमचाभर तेलात परतून, उकळी आणून वरून घाला. आणि कच्ची कोंबडी आणलेलं ताट तेच भाजलेलीला नको. हे सांगावं लागू नये, पण दर पार्टीला दिसतं.

---

मोगऱ्याचा वेल

वाचनखूण साठवली. वाटण निपटून काढायचं हे डोक्यात कधीच आलं नव्हतं. आणि चॉरिस (डुकराच्या मांसाचं आपलं सॉसेज)?

---

जुनं बॅरल

चॉरिस थेट जाळीवर नको. चरबी भरपूर, विस्तवावर गळली की ज्वाळा, आवरण फुटून अर्धं खाली. लोखंडी तवा जाळीवर ठेवा, आवरण सोडवून मोकळं करा, दोन-तीन चमचे पाणी, दहा-बारा मिनिटं, मग चिरलेला कांदा. चॉरिस कच्चंच असतं, वाळवलेलं-धुरवलेलं असलं तरी पूर्ण शिजवायचं. पोई (गव्हाचा पोकळ पाव) शेवटी, जाळीच्या कडेला, तीस सेकंद एक बाजू. जास्त ठेवलीत तर काकोण (बांगडीसारखा कडक पाव) होतं.

चरबीने ज्वाळा उठल्याच तर पाणी मारू नका, राख उडून अन्नावर बसते. वस्तू मोकळ्या बाजूला सरकवा, झाकण घाला, हवा तोडा.

---

पोईवाला

बॅरलबाब, नावाला जागा. बॅरलची भट्टी करायची तर मापं द्या. वेल्डरला नुसतं 'अर्धं काप' सांगितलं की तो कापतो आणि मोकळा होतो.

---

जुनं बॅरल

२०० लिटरचं बॅरल, व्यास साधारण ५७-५८ सेंमी, लांबी ८८. खाद्यतेलाचं बघा, रसायनाचं किंवा रंगाचं फुकट मिळालं तरी नको. कापण्याआधी सगळ्यात महत्त्वाचं: बंद बॅरलात तेलाची वाफ राहिलेली असते, ग्राइंडरच्या ठिणगीने स्फोट होतो. दोन्ही बुचं काढा, धुण्याच्या सोड्याने दोनदा धुवा, आडवं ठेवून कापायच्या रेषेच्या जरा खालपर्यंत पाणी भरा, मगच कापा.

लांबीत अर्धं केल्यावर खोली २८ सेंमी मिळते. कोळशाची जाळी तळापासून १० सेंमीवर, अन्नाची जाळी काठावर. मधले १८, त्यांत निखाऱ्यांचा थर पाच-सहा, म्हणजे अन्न आणि विस्तव यांत बारा सेंमी राहतात. बहुतेक तयार भट्ट्यांत हे अंतर सात-आठच असतं, आणि मग लोक मसाल्याला दोष देतात.

दोन्ही टोकांच्या पत्र्यांत, कोळशाच्या जाळीखाली, २५ मिमीची दोन-दोन भोकं, बोल्टवर फिरणारी पत्र्याची झडप लावून. ताप वाढवायचा तर झडप उघडा, पंखा हलवत बसू नका. तळाला ८ मिमीचं एक भोक पावसाच्या पाण्याला.

अन्नाची जाळी एसएस ३०४च्या (स्टेनलेस स्टीलच्या) ६ मिमी सळ्यांची, मधे १२ मिमी फट. जीआय जाळी अजिबात नको. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो, जस्त ४२० अंशांना वितळतं, निखारे त्याहून कितीतरी गरम. त्याचा धूर अंगाला बाधतो. आतला जुना रंग जाळायला पहिला विस्तव रिकामाच, तासभर, भरपूर कोळशाचा. बाहेरून उष्णतारोधक रंग द्या. किनाऱ्यालगत घर असेल तर खाऱ्या हवेने साधा पत्रा दोन-तीन पावसाळ्यांत चाळणी होतो, आत खोबरेल तेलाचा हात मारून झाकून ठेवा, बाहेर ताडपत्री.

---

सोडण

जांभ्या चिऱ्यांची भट्टी बांधणाऱ्यांसाठी पुरवणी: चिरा स्पंजासारखा पाणी धरतो. पावसाळ्यानंतर पहिल्याच दिवशी मोठा विस्तव केलात तर आतलं पाणी वाफ होऊन चिरा तडकतो, चिपा उडतात. आधी दोन-तीन दिवस रोज अर्धा किलो कोळशाचा लहान विस्तव. आतून भट्टीच्या विटांचं अस्तर, सांधे चिकणमातीचे. सिमेंटचे सांधे तापाने सुटतात.

---

तुळशीवृंदावन

शाकाहारी मंडळींचं काय? सोमवार आहे, श्रावण आहे, कायम न खाणारी सासूबाईंसारखी माणसं आहेत. त्यांना 'बटाटा ठेवलाय कोपऱ्यात' म्हणणं बरं नाही. वेगळी जाळी, वेगळा चिमटा, आणि त्यांचं आधी भाजून घ्यायचं, स्वच्छ विस्तवावर. माशाची चरबी गळल्यानंतरच्या धुराला वास लागतोच, जाळी बदलून उपयोग नाही.

आगशी गावची मोठी वांगी थेट निखाऱ्यात, चार ठिकाणी टोचून (नाहीतर फुटतात), पंधरा-वीस मिनिटं फिरवत. सोलताना नळाखाली धरू नका, धुराची चव वाहून जाते. मुठीएवढी कणगी (रताळ्यासारखे कंद) राखेत पुरून चाळीस मिनिटं. नीरफणसाच्या सेंमीभर जाडीच्या कापांना मीठ, हळद, तिखट, तेल, मध्यम विस्तवावर चार-चार मिनिटं, काप तेल पितात म्हणून दोनदा लावा.

धुराचंही बोलूया. दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री उलट. चार वाजता पेटवलंत तर धूर पूर्वेच्या शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांत, रात्री नंतर पश्चिमेच्या खिडकीत. भट्टीची जागा ठरवताना दोन्ही बघा. आणि जेवायला बोलवायचं नसेल तर निदान एक पुडी शेजारी पोचवा.

---

खाजन

वहिनी, पुडीचा मुद्दा नियमावलीत घालावा.

उरलेलं पटापट. सुंगटं सालीसकट, दोन हिरांत किंवा दोन काड्यांत ओवा म्हणजे उलटताना गरगरत नाहीत. बांबूच्या काड्या अर्धा तास भिजवून. दीड-दोन मिनिटं एका बाजूला, 'सी'सारखी वळली की काढा, पूर्ण गोल झाली की रबर. माणकी (स्क्विड) एकतर दोन मिनिटं, नाहीतर रश्शात पाऊण तास, मधलं सगळं चामडं. शिनाणे (शिंपल्यांचा एक प्रकार) जाळीवर सपाट ठेवा, चार-सहा मिनिटांत उघडतात, न उघडलेले टाकून द्या, चाकूने उघडून खाऊ नका.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा नदीचे शेवटे मासे, खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतल्या) मानशीवरची (पाण्याच्या दारावरची) सुंगटं आणि चोणक (जिताडा) बघा. चोणकाचे काप तीन सेंमी जाड हवेत, पातळ काप उलटताना तुटतात.

---

मोगऱ्याचा वेल

त्या दिवसांत पावसात कुठे भाजायचं? बाल्कांवावर (घरापुढच्या ओसरीवर) काचा लावल्यात, तिथे चालेल का?

---

जुनं बॅरल

नाही. काचा लावलेली जागा, गॅरेज, खिडक्या मिटलेली पडवी, कुठेच नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं नसतं, करडे पडलेले निखारेसुद्धा तो सोडत राहतात. 'थोडी ऊब राहू दे' म्हणून भट्टी रात्री घरात घेणं तर अजिबात नको. निदान तीन बाजू उघड्या, वर उंच पत्रा, भिंतीपासून मीटरभर. चुडतांच्या (माडाच्या झावळ्यांच्या) छपराखाली नको.

---

पोईवाला

शेवटचा प्रश्न. राख माडाला घालतात ना?

---

सोडण

निव्वळ लाकडी कोळशाची असेल तर. वड्यांची नको, त्यांत चिकटवायला काय घातलंय ठाऊक नसतं, आणि चरबी गळलेली राख घातलीत तर रात्री कुत्रे आळं उकरतात. आपली जांभ्याची माती आम्ल, राख अल्कली, म्हणून मानवते. पण एका माडाला एका वेळी दोन-तीन मुठी, ओल्या मातीत मिसळून. बुंध्याला टेकवून नाही, मीटर-दीड मीटर लांब आळ्यात. त्याआधी राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पुरा एक दिवस, फरशीवर, लाकडावर नाही. वरून थंडगार लागते आणि चमच्याने ढवळली की आत लाल डोळा उघडतो.